डोंगर आणि विमान

राजूरकरांना डोंगराची ओळख करून द्यावी लागत नाही. एका अंगाला 5400 फुटांची कळसूबाई, दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगड. त्या गडापलीकडे, जुन्नरच्या बाजूला, 1962 सालच्या 6 व 7 जुलैमधल्या रात्री अलिटालिया या इटालियन कंपनीचे जेट विमान एका डोंगरावर आदळले. सिडनीहून निघून, बँकॉकमार्गे ते मुंबईला येत होते. आतली 94 च्या 94 माणसे दगावली.

मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीलगत आहे. पण पूर्वेकडून येणाऱ्याला आधी दोन हजार फूट उंचीचे पठार आणि त्यावर उठलेल्या सह्याद्रीच्या रांगा ओलांडाव्या लागतात. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक समुद्रापासूनची उंची दाखवतो. खाली दरी आहे की माथा, हे त्याला ठाऊक नसते. मुंबई अद्याप पन्नास मैल दूर असता ती जवळ आली, असे वैमानिकाला वाटले. तो अंधारात वेळेआधी खाली उतरला आणि सुमारे 3600 फुटांवर डोंगर आडवा आला.

चौकशीत मार्ग मोजण्यातली चूक हे कारण ठरले. वैमानिकाला वाटेवरच्या भूप्रदेशाची ओळख नव्हती, हेही नोंदले गेले. कारखान्यांतल्या अपघातांचे अहवाल वाचण्यात माझी उमर गेली. ‘माणसाची चूक’ एवढे लिहिले की फाइल मिटते! मला ती दुसरी नोंद मोलाची वाटते. ओळख नव्हती, तर ती करून देणे कोणाचे काम होते?

चारच वर्षांनी, 24 जानेवारी 1966 रोजी, एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँवर कोसळले. 117 जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. तेथेही शिखर मागे पडले, असाच वैमानिकाचा समज होता.

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र पुढे तयार झाले, पण सक्ती नव्हती. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगराला धडकून 92 माणसे मेली, तेव्हा कुठे अमेरिकन सरकारने ते सक्तीचे केले. पात्यावर जाळी बसवायला आधी कोणाचा तरी हात जावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय ते यंत्र रेडिओलहरी सरळ खाली सोडी; समोरचा उभा कडा त्याला उशिरा कळे. म्हणून 1990 नंतर भूपृष्ठाच्या उंचीचे नकाशेच विमानातल्या संगणकात भरले जाऊ लागले. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला अँटेना लावून, अकरा दिवसांच्या फेरीत पृथ्वीवरील सुमारे 80 टक्के जमिनीची उंची रडारने मोजली.

चंद्रावर तर वाट सांगणारा गुराखीही नाही. तेथे चांद्रयान-2 च्या कक्षायानाने वरून टिपलेली छायाचित्रे चांद्रयान-3 ची जागा निवडताना कामी आली. 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरताना विक्रम सुमारे 150 मीटरांवर काही क्षण थबकला, कॅमेऱ्याने खड्डे-धोंडे न्याहाळले, आणि मगच खाली टेकला.