परवचा ते गृहपाठ : अभ्यासाच्या सवयीचा मागोवा

दिवेलागण झाली की हातपाय धुवून देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची आणि मग मांडी न मोडता परवचा म्हणायचा, हा शिरस्ता आमच्या पिढीतील बहुतेक वाचकांनी अनुभवला असेल. बे एके बे पासून तीसपर्यंतचे पाढे, आणि ज्यांच्या घरी आजोबा जुन्या वळणाचे होते त्यांच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 1957 साली दशमान नाणी आली, आणे-पै गेले, आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे व्यवहारातील प्रयोजन हळूहळू संपले. तरीही आमच्या आजोबांनी ते आमच्याकडून म्हणवून घेतले. त्या वेळी आम्हांला त्याचा मनस्वी कंटाळा येत असे, हे प्रांजळपणे कबूल करावयास हवे.

आज बमरोलीत सायंकाळी फेरफटका मारताना सहावी, सातवी, आठवीतील मुले ओट्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. 'मुलगा अभ्यासाला बसतच नाही' ही तक्रार तर घरोघर ऐकू येते. सवय मुलाच्या अंगी उपजत असते, की शाळा लावते, की घर लावते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊन पाहावे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

इंग्रजी अमलापूर्वी आणि नंतरही बराच काळ महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा चालत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर अक्षरे गिरवीत; हीच धुळपाटी. पुढे बोरू आणि कागद, मोडीचे वळण, हिशेब आणि तोंडपाठ आकडे, असा एकंदर अभ्यासक्रम. या शाळांचे दोष उघड होते. छडीचा धाक होता, अर्थापेक्षा घोकंपट्टीवर भर होता. मुलींना तेथे सहसा जागा नव्हती आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना तर दारही बंद होते. या गोष्टींवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

परंतु त्या पद्धतीचा घरात आलेला भाग, म्हणजे परवचा, याचे स्वरूप बारकाईने पाहिले तर त्यात चार गोष्टी आढळतात. वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, रोजचा वाटा थोडा होता, आणि ऐकणारे वडीलधारे माणूस समोर होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवून दिले की, शिकलेले फार झपाट्याने विसरले जाते, आणि एकदाच पुष्कळ घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून पुनःपुन्हा उजळणी केली तर ते अधिक टिकते. आमच्या आज्यांना एबिंगहाउस ठाऊक नव्हता; उजळणी मात्र ठाऊक होती.

परवचाची उणीव एकच, पण मोठी. 'का?' हा प्रश्न तेथे वर्ज्य होता. ती उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत आपल्या सुरतेचा वाटा आहे, हे अनेकांच्या ध्यानी नसते. मराठीचे व्याकरण लिहून 1836 साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. येथेच 1844 साली दुर्गाराम मेहताजी आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गारामही शिक्षकच. ऐकलेले पडताळून पाहावे, शंका उघडपणे मांडावी, हा या मंडळींचा आग्रह होता. भाषेचे नियम समजून घेऊन शिकणे आणि रूढीला कारण विचारणे, ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. मराठी आणि गुजराती शिक्षकांनी मिळून हे काम सुरतेत केले, याचा आपण अभिमान बाळगावा.

आता सवयीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्याचे सर्वांत बोलके उत्तर बडोद्यास मिळते. 1875 साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्याचे ठरले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा आला आणि 27 मे 1875 रोजी तो सयाजीराव झाला. त्याला त्या वेळी अक्षरओळखही नव्हती, असे चरित्रकार सांगतात. बारा वर्षे म्हणजे आजच्या हिशेबाने सहावी-सातवीचे वय. आपल्या वस्तीतील पुष्कळ कुटुंबे ज्या खानदेशातून आली, त्याला लागूनच कवळाणे आहे, हेही लक्षात घ्यावे.

या मुलाने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकत्र सुरू केला. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. दिवसाचे वेळापत्रक आखले गेले. घोडेस्वारी, व्यायाम आणि अभ्यास यांच्या वेळा ठरल्या. सोबतीला काही समवयस्क मुले ठेवली गेली. पुढे दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्यांच्यासाठी व्याख्याने दिली. हे माधवराव मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातले, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेले. 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. सहा वर्षांपूर्वी धुळाक्षरांपासून आरंभ केलेला मुलगा आता आयुष्यभराचा वाचक झाला होता.

कोणी म्हणेल, राजवाड्यात काय कमी? खरे आहे. पण वैभव हे या यशाचे कारण नव्हे. वैभवात वाढून न शिकलेले राजपुत्र आपल्या इतिहासात थोडे नाहीत. येथे कामी आले ते वेळापत्रक, सोबत, आणि रोज अभ्यास विचारणारे माणूस. सयाजीरावांनी पुढे जे केले त्यावरून त्यांना याची जाणीव असावी असे आम्हांस वाटते. त्यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो कायदा साऱ्या राज्याला लागू केला. मुलगे सात ते बारा आणि मुली सात ते दहा, अशी वयोमर्यादा होती. आपल्या शेजारचे नवसारी तेव्हा गायकवाडीत होते. सुरत शहर ब्रिटिश मुलखात असल्याने या कायद्याबाहेर राहिले. नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक फेटाळले गेले.

परंतु मूल शाळेत बसवले म्हणजे त्याला सवय लागतेच असे नाही. शाळा सुटली की शिकलेली अक्षरेही विसरली जातात, हा अनुभव बडोद्यास आला. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून गावोगाव वाचनालयांचे आणि फिरत्या ग्रंथपेट्यांचे जाळे उभारण्यात आले. शाळेबाहेरच्या वेळेची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न त्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीचा परळच्या चाळीतला प्रसंग मात्र प्रत्येक पालकाने मनात जपावा असा आहे. एकच खोली, तीत सारा संसार. भीमराव संध्याकाळी लवकर झोपे. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर स्वतः निजत. राजवाड्यात शिक्षकांनी जे केले तेच चाळीत एका निवृत्त सुभेदाराने केले. मुलासाठी वेळ काढली, जागा काढली आणि स्वतः जागा राहिला. सवय कशी लागते याचे उत्तर आम्हांस येथे मिळते.

ते आम्हांला उशिरा उमगले, हेही सांगितले पाहिजे. शासकीय सेवेत असताना आम्ही कचेरीतून रात्री परतत असू. चिरंजीव सातवीत होते. शिकवणी लावली, शुल्क वेळेवर भरले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. सहामाहीत गणितात ते नापास झाले तेव्हा आम्ही त्यांच्यावर रागावलो. आमच्या मातोश्री जेमतेम दोन इयत्ता शिकलेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नातवाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तू वाच बाळा, मी ऐकते. मग मला समजेल असं सांग." भूमितीतले एक अक्षरही त्यांना कळत नव्हते; पण आजीला समजावण्यासाठी नातवाला आधी स्वतः समजून घ्यावे लागे. हा क्रम वर्षभर चालला आणि मूल सावरले. परवचा आणि 'का?' यांचा मिलाफ आमच्या घरात असा झाला, आणि त्यात आमचा वाटा शून्य होता.

2020 साली केंद्र शासनाने शालेय दप्तराविषयीचे धोरण जाहीर केले. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे सुचविले आहे. एक तास! तेवढी वेळ प्रत्येक घरात निघू शकते. दिवेलागणीची वेळ ठरवावी. त्या वेळात घरातला दूरदर्शन संच बंद आणि मोबाईल, मोठ्यांचाही, दुसऱ्या खोलीत किंवा फडताळात. शाळेत दिलेला गृहपाठ मुलाने त्याच दिवशी वहीत टिपून आणावा. अवघड विषय आधी घ्यावा, मन ताजे असते. पुस्तक मिटून आठवेल ते सांगावयास लावावे, आणि कालचे आज पुन्हा विचारावे. चुकले तर रागावू नये. चूक कोठे झाली ते त्यालाच शोधू द्यावे. मुलाचा गृहपाठ आपण मात्र कधीही लिहून देऊ नये. दुसऱ्याच्या मदतीने उत्तरे आणली म्हणून बक्षीस नाकारणाऱ्या बाल गोखल्यांची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली होती, ती घरच्या मुलांना अवश्य सांगावी.

एवढ्यावर थांबता आले असते. पण आपल्यासारख्या जुन्या, स्थिरावलेल्या घरांत खोल्या आहेत, निवृत्त माणसे आहेत, वेळही आहे. बमरोली-पांडेसऱ्याच्या मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या, धुळे-नंदुरबारकडून मागाहून आलेल्या कुटुंबांत यांपैकी काहीच नाही. त्यांच्या मुलांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, आणि गल्लीत हिंदी. गृहपाठ विचारणारे बाप-माय संध्याकाळी कामावर, नाहीतर पाळी करून झोपलेले. नगरपालिकेच्या मराठी शाळांत आज बसलेली मुले बहुतांशी या घरांतली आहेत. आपली नातवंडे केव्हाच इंग्रजी माध्यमात गेली. मराठी येथे पुढे कोण वाचणार, या आपल्या चर्चेतील चिंतेचे उत्तर त्या मुलांपाशी आहे.

म्हणून एक नम्र सूचना. आपल्या मंडळाची जागा सायंकाळी बहुधा बंदच असते. रोज एक तास ती उघडावी, सतरंज्या अंथराव्यात, आणि आपल्यापैकी दोघातिघांनी तेथे जाऊन बसावे. शिकवायलाच हवे असे नाही. शेजारी बसून ऐकायचे आहे. मंडळाने होकार दिल्यास सोमवार आणि गुरुवार आम्ही स्वतःकडे घेतो.