पाठ बघितलीस का?

एरवी तू कोणीही अस, आज तू पंचविशी उलटलेली, चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन आलेली बाई आहेस. साल १८६०. लंडन ब्रिजजवळचं जुनं सेंट थॉमस हॉस्पिटल. अंगात तपकिरी झगा, वर पांढरा एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी. नाइटिंगेल फंडाच्या पैशांवर निघालेल्या शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या पंधरा प्रोबेशनरांपैकी, म्हणजे शिकाऊ नर्सांपैकी, तू एक. एक वर्षाचं शिक्षण, राहणं-जेवण-धुणं फुकट, वर दहा पौंड पगार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भेटतील या आशेवर राहू नकोस. क्रायमियाहून परतल्यापासून त्या आजारीच असतात, त्यांचा सगळा कारभार पत्रांतून चालतो. इथे शब्द चालतो तो मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांचा.

काय काय यायला हवं याची छापील यादी आहे. जखमा बांधणं, शेक, पोटिस, जळवा, एनिमा, पातळ पेज शिजवणं, खोलीत हवा खेळती ठेवणं. महिनाअखेर प्रत्येकीचा तक्ता भरला जातो: वक्तशीरपणा, शांतपणा, टापटीप, आणि समोर शेरा, उत्तमपासून थेट शून्यापर्यंत. हातात दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाई चित्रात शोभतात खऱ्या, पण माझ्या मते मोठी उलथापालथ या रुक्ष तक्त्याने केली. शुश्रूषा म्हणजे बायकांचा उपजत गुण, ही समजूत त्याने मोडीत काढली. शिकायची गोष्ट म्हटली की नापासही होता येतं.

आज चादर. रोगी अंथरुणातच, अर्धांग झालेला गाडीवान, तुझ्या दुप्पट वजनाचा. ओढाताण करायची नाही. सिस्टर, म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स, त्याचा खांदा आणि कंबर धरून त्याला स्वतःकडे वळवते आणि तिकडून धरून ठेवते. तू मागून मळकी चादर लांबीत गुंडाळत त्याच्या पाठीला भिडवतेस, तिच्या शेजारी नवी, अर्धी गुंडाळलेली. आता त्याला त्या उंचवट्यावरून तुझ्याकडे वळवायचं, की पलीकडून सिस्टर जुनी काढते, नवी ओढून घेते. तुला घाम फुटलाय, पण चादर ताठ बसली म्हणून तू खूश आहेस.

‘पाठ बघितलीस का?’ सिस्टर विचारते.

बघितली नव्हतीस. इतका वेळ ती तुझ्या नाकासमोर होती. माकडहाडापाशी शिलिंगएवढा लाल चट्टा. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखम झाली तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो, असं नाइटिंगेलबाईंनी आपल्या पुस्तकात सुरुवातीलाच बजावलंय. सिस्टर ते बोलून दाखवत नाही. गाडीवानाला कुशीवर ठेवून ती पुढच्या खाटेकडे वळते.

चादर आठवड्याभरात हाताला बसेल, बघणं बसायला वर्षही कमीच. थर्मामीटर मागू नकोस, डॉक्टरांना सहज बाळगता येईल असा आखूड थर्मामीटर यायला अजून सहा-सात वर्षं आहेत. कातडी कोरडी आहे की दमट, नाडी कशी चाललीय, पेज किती पोटात गेली आणि किती वाटीतच राहिली, झोप लागली की नुसतेच डोळे मिटले होते, हे सगळं तूच सांगायचंस. आणि ‘बरी झोप झाली’ असं मोघम सांगितलंस तर सिस्टर विचारणार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

दुपारी ड्रेसर येतो, म्हणजे जखमा बांधणारा शिकाऊ डॉक्टर. एका खाटेवरची जखम पुसलेला स्पंज त्याच तांबूस पाण्यात बुडवून तो शेजारच्या खाटेशी जातो. तुझ्या पोटात गोळा येतो. जंतूंबद्दल तुला जे ठाऊक आहे ते इथे बोलायची सोय नाही. सर्जन लिस्टर कार्बोलिक अॅसिडने जखमा जंतुमुक्त ठेवण्याचं आपलं काम छापणार १८६७ साली, आणि तोवर रोग घाणेरड्या हवेतूनच येतात असं बहुतेक डॉक्टर मानतात. नाइटिंगेलबाईसुद्धा. पण नर्सने दिवसातून अनेकदा हात धुवावेत, हेही त्यांच्याच पुस्तकात आहे. कारण वेगळं, कृती बरोबर. तेवढी पळवाट तुला पुरे.

तू पाण्याचं भांडं उचलून चालू लागतेस. ‘अहो, हे काय?’ ड्रेसर वैतागतो, ‘मला अजून चार जण उरकायचेत!’

‘थांबा जरा,’ सिस्टर मान वर न करता म्हणते, ‘ती पाणी बदलून आणतेय.’