विसाराची पावती

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं सेक्रेटरी म्हणाले. गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी यांचा इतिहास इतर सभासद लिहितीलच. मी लिहितो आहे घर उभं राहण्याआधी दिलेल्या पैशांबद्दल. त्यावरून कोर्टात किती भांडणं झाली, हे आपल्या नव्या पिढीला फारसं ठाऊक नसेल.

या विषयातला एक जुना आणि महत्त्वाचा खटला दिल्लीच्या एका बंगल्याचा. व्यवहार 1949 चा, किंमत 1,12,500 रुपये. खरेदीदाराने आधी 1,000 रुपये विसार दिला, मग आणखी 24,000. पुढे व्यवहार फिसकटला आणि विकणारा म्हणाला, करारात लिहिलंय, सगळे पंचवीस हजार जप्त! 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने (फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास) निवाडा दिला की विसाराचे हजार ठेवा, पण बाकीचे चोवीस हजार केवळ करारात लिहिलंय म्हणून जप्त करता येणार नाहीत. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. आजही वकील हाच निकाल पुढे करतात.

त्याच 1963 साली आपल्या महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. गैरप्रकार वाढले म्हणून सरकारने 1960 मध्ये समिती नेमली होती, त्यातून तो आला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की बिल्डरने आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी लेखी करार करावा, आणि ती रक्कम किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त नसावी. कायदा चांगला होता. पाळत कोण होतं, हा प्रश्न वेगळा.

आता माझी गोष्ट. बँकेत कर्ज विभागात बसून मी रोज लोकांची साठेखतं तपासायचो, अपुरे कागद परत पाठवायचो. आणि 1989 साली मी स्वतः काय केलं? 1,60,000 च्या फ्लॅटसाठी 30,000 रुपये दिले, एका साध्या पावतीवर. करार ‘पुढच्या महिन्यात’ होणार होता. त्यात सौ.च्या दोन बांगड्यांचे पैसे होते. तीन वर्षं जागेवर गवत वाढलं. पैसे परत मागितले तर बिल्डरचं उत्तर आलं, "साहेब, बुकिंग तुम्हीच रद्द करताय, विसार जप्त." बँकेत कोणाला सांगायचीही सोय नव्हती. सांगणार काय?

ग्राहक मंचात गेलो. समोरच्या वकिलाचा मुद्दा असा, की घर म्हणजे स्थावर मालमत्ता, ती ‘सेवा’ नाहीच, सबब मंचाला अधिकार नाही. तारखांवर तारखा पडल्या. नोव्हेंबर 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवाच आहे असं ठरवलं, आणि त्याच वर्षी कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. माझ्या वकिलाने त्या निकालाची झेरॉक्स पुढच्या तारखेला ठेवली. 1995 मध्ये माझ्या बाजूने निकाल लागला, पैसे हातात पडायला 1997 उजाडलं. व्याज मिळालं, पण तोवर भाव कुठल्या कुठे गेले होते.

नंतर रेरा आला. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून प्रकल्पांची नोंदणी सुरू झाली. त्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गंमत बघा, मोफा कागदावर जास्त कडक होता, तो एक पैसाही कराराआधी घेऊ देत नव्हता. पण रेरात दाद मागायला स्वतंत्र प्राधिकरण आहे, दंड आहे. माझ्या मते फरक तिथे पडला. आणि करारच एकतर्फी असेल तर? 2019 मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तसल्या अटी ग्राहकावर बांधून घालता येणार नाहीत.

1998 मध्ये याच इमारतीत बुकिंग करायला आलो, तेव्हा मी चेकबुक खिशातच ठेवलं आणि म्हटलं, "आधी करार, मग चेक." बिल्डर हसले. म्हणाले, "बँकवाले फार संशयी बुवा!" सौ. शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. करार नोंदवून झाला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सराफाकडे गेलो.