कोणाची फळी, कोणती लाट? सर्फबोर्डच्या निवडीचा इतिहास (धागा)

१/ साल १९०७. हवाई बेटांवरील वाइकिकीचा किनारा. ख्यातनाम अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन तेथील लहान मुलांमध्ये मिसळून लाटेवर स्वार होण्याची धडपड करीत होता. मुले आपापल्या फळ्यांवर पालथी पडून लाटेबरोबर सरसर किनाऱ्याला लागत. लंडन त्यांच्यासारखेच पाय झाडी, पण लाट त्याला मागे टाकून निघून जाई.

२/ तेवढ्यात अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हा सर्फिंगचा वेडा गृहस्थ तेथे आला. लंडनच्या हातातील चिमुकली फळी पाहताच त्याने ती फेकून द्यायला सांगितले. तिचे टोक तळाच्या वाळूत रुतले तर ते पोटात घुसेल, हे एक कारण. आणि ती प्रौढ माणसाच्या मापाचीच नव्हती, हे दुसरे. फोर्डने स्वतःची मोठी फळी त्याला दिली, लाट येताच मागून ढकलले आणि लंडन किनाऱ्यापर्यंत पोहोचला. (त्यानंतर उन्हाने असा भाजला, की त्याला अंथरूण धरावे लागले. पण तो दोष फळीचा नव्हे.)

३/ नवशिक्याने कोणती फळी घ्यावी, हा प्रश्न आज दुकानात विचारला जातो. हवाईत तो दुकानांच्या कितीतरी आधीपासून विचारला जात होता आणि त्याचे उत्तर लाटेवर, शरीरावर आणि काही अंशी समाजातील स्थानावरही अवलंबून होते. या धाग्यात त्या उत्तराचा प्रवास पाहू.

४/ कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरातील फळीस्वारांचे वर्णन लिहून ठेवले. तोवर तेथे फळ्यांचे निरनिराळे प्रकार रुळलेले होते. सर्वांत लहान ‘पाइपो’, पोटावर पडून लाट घेण्याची. मधली ‘अलाइया’, साधारण सात ते बारा फुटांची, पातळ. आणि सर्वांत लांब ‘ओलो’, पंधरा फुटांच्या आसपासची, मध्ये जाड आणि कडांना निमुळती.

५/ लाकडाची निवडही विचारपूर्वक होई. अलाइयासाठी कोआ (आपल्या बाभूळ-खैराच्या गोतातला वृक्ष) किंवा नीरफणस. ओलोसाठी मात्र विलीविली. हा विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद. दोन्ही एकाच वनस्पती-प्रजातीकुळातले. पांगाऱ्याचे वाळके लाकूड ज्याने उचलून पाहिले आहे, त्याला एवढ्या जाड फळीसाठी हेच लाकूड का, हे वेगळे सांगायला नको. कोआची तेवढी जाड फळी पाण्यापर्यंत नेता नेताच माणूस थकला असता.

६/ ओलो ही ‘आलिई’ म्हणजे सरदार-राजघराण्यातील लोकांची, आणि अलाइया सर्वांची, असे परंपरा सांगते. यात केवळ प्रतिष्ठा पाहणे मला अपुरे वाटते. जाड, लांब फळी पाण्यावर उंच तरंगते, हाताने वल्हवताना वेग घेते आणि लाट फुटण्याच्या बरीच आधी, उतार अगदी सौम्य असतानाच तिला पकडते. पण ती वळत नाही. पातळ अलाइया उभ्या उताराच्या, फुटणाऱ्या लाटेवर चपळ धावते. मात्र ती लाट पकडायला अंगी कसब लागते. म्हणजे या दोन फळ्या दोन वेगवेगळ्या लाटांची उत्तरे होती.

७/ सरदार अबनेर पाकी (मृत्यू १८५५) याच्या ओलो फळ्या आजही होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. एकेकीचे वजन सुमारे ६८ किलो. पाकी स्वतः धिप्पाड देहाचा म्हणून प्रसिद्ध होता. हे संग्रहालय त्याच्याच कन्येच्या, बर्निस पाउआही बिशप हिच्या, स्मरणार्थ १८८९ मध्ये स्थापन झाले.

८/ एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगांनी हवाईयन लोकसंख्या भयंकर घटली, जुनी धर्मव्यवस्था १८१९ मध्ये मोडली, पाठोपाठ मिशनरी आले. फळी घडवण्याची विद्या जवळजवळ विझली. ओलो तर पाण्यावर दिसेनाशीच झाली.

९/ १९२० च्या दशकात टॉम ब्लेक नावाचा अमेरिकन जलतरणपटू त्या संग्रहालयातील ओलोंची डागडुजी करू लागला. आपणही तशी फळी करावी, असे त्याच्या मनाने घेतले. पण वजन कमी कसे करायचे? त्याने लाकडात असंख्य भोके पाडली आणि वरून पातळ आवरण चढवले. पुढे त्यातूनच आतून पोकळ फळी जन्मली. १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. १९३५ मध्ये याच ब्लेकने फळीच्या बुडाला फिन, म्हणजे उभे पाते, बसवले. फळी आडवी घसरणे त्यामुळे थांबले. आज हे पाते नसलेली फळी दुकानात शोधावी लागते.

१०/ पातेच हा एकमेव मार्ग नव्हता. १९३७ मध्ये होनोलुलूत जॉन केली, फ्रॅन हीथ व त्यांचे मित्र मोठ्या लाटांवर वारंवार घसरत होते. रुंद शेपटाची फळी उभ्या उतारावर पाण्याला धरून राहत नव्हती. वैतागून त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि फळीचे शेपूटच तासून अरुंद केले. अरुंद शेपूट लाटेत रुतून राहिले. ‘हॉट कर्ल’ नावाने ती घडण प्रसिद्ध झाली. एका चांगल्या फळीवर कुऱ्हाड चालवायला केवढे धाडस लागत असेल!

११/ आता या इतिहासातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची फळी. १९४७, कॅलिफोर्नियातील मालिबू. त्या काळी तेथील पुरुष रेडवूड-बाल्साच्या अवजड फळ्या खांद्यावरून वाहून नेत. टॉमी झान या तरुणाला आपल्या मैत्रिणीसाठी, म्हणजे चित्रपटनिर्माते डॅरिल झॅनक यांची कन्या डॅरिलिन हिच्यासाठी, फळी हवी होती. ती शिकाऊ होती. तिला उचलता येईल आणि वळवता येईल, एवढीच अपेक्षा.

१२/ जो क्विग या कारागिराने हलके बाल्सा लाकूड वेचून काढले, सुमारे दहा फुटांची फळी घडवली, वर काचतंतूंचे म्हणजे फायबरग्लासचे कवच चढवले, पुढचे टोक किंचित उचलले आणि पाते बसवले. मग व्हायचे तेच झाले. पुरुषांनी ती ‘जरा पाहू’ म्हणून मागून घेतली आणि त्यांच्या लक्षात आले की, आपल्या भारदस्त फळ्यांपेक्षा ही कितीतरी चांगली वळते. झानसुद्धा त्यांतच होता.

१३/ नवख्या मुलीसाठी केलेली फळी तज्ज्ञांनी पळवली, आणि तिच्यातूनच पुढची ‘मालिबू’ घडण रूढ झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकन जीवरक्षकांनी तशा फळ्या ऑस्ट्रेलियात नेल्या. त्या पथकात टॉमी झानही होता. तेथे तोवर लांबलचक पोकळ फळ्यांचे राज्य होते. लांब फळीला ऑस्ट्रेलियात अजूनही ‘मॅल’ म्हणतात, ते या मालिबूवरून.

१४/ १९५८ च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम फळीत आणला. १९५९ मध्ये ‘गिजेट’ चित्रपट आला. हलकी, सोपी, कारखान्यात होणारी फळी आणि ती घ्यायला उत्सुक असलेली हजारो मुले-मुली एकाच वेळी अवतरली. नवशिक्यांचे असे सुगीचे दिवस यापूर्वी आले नव्हते.

१५/ ते फार टिकले नाहीत. १९६६ मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग तुलनेने पातळ फळीवर, तीव्र वळणे घेत जिंकला. पुढच्या वर्षी बॉब मॅक्टॅविशने बुडाला ‘व्ही’ आकार असलेल्या आखूड फळ्या आणल्या. दशक संपेपर्यंत नऊ-दहा फुटांची फळी सात फुटांच्या आत-बाहेर आली. लाटेवर जे पूर्वी अशक्य होते, ते शक्य झाले. मात्र फळी आखूड आणि पातळ झाली की ती कमी तरंगते, वल्हवायला जड जाते आणि लाट उशिरा पकडते. वजनदार, वयस्क, आठवड्यातून एकदाच पाण्यात उतरणारे लोक मागे पडले. लांब फळी बाळगणे म्हणजे जुनाट असणे, असा शिक्का बसला.

१६/ १९८१ मध्ये सायमन अँडरसनने तीन पात्यांची ‘थ्रस्टर’ लोकप्रिय केली. १९९० च्या दशकात विजेत्यांच्या फळ्या इतक्या अरुंद आणि पातळ झाल्या की, सामान्य माणूस त्यांवर धड तरंगेना. तरीही दुकानांतून त्याच हव्याशा वाटत. विराटची बॅट घेतली म्हणून चेंडू सीमापार जात नाही, हे आपल्याला कळते. फळीच्या बाबतीत ते उमगायला त्या पिढीला बरीच वर्षे लागली.

१७/ आज फळीवर लांबी, रुंदी, जाडी यांबरोबर तिचे आकारमान लिटरमध्ये लिहिलेले आढळते. आपल्या वजनाला किती लिटरची फळी पेलेल, हा हिशेब म्हणजे फोर्डने लंडनच्या बाबतीत नजरेने केला तोच. शिकणाऱ्या प्रौढाला सहसा आठ-नऊ फुटांची, रुंद, जाड, मऊ आवरणाची फळी देतात. मऊपणा टोकाच्या धोक्यासाठी. फोर्डचे पहिले कारणही तेच होते. फुटलेल्या पांढऱ्या फेसावर उभे राहणे जमले, न फुटलेली हिरवी लाट स्वतःहून पकडता येऊ लागली, ती तिरकी कापता येऊ लागली, की मग थोडी आखूड फळी. नऊवरून एकदम सहा फुटांवर उडी मारणारा पुन्हा लंडनच्या पहिल्या फळीवर जाऊन बसतो.

१८/ जाता जाता अलाइयाविषयी. २००० नंतरच्या दशकात टॉम वेगेनर या कारागिराने बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्या पाहून तशाच, पाते नसलेल्या पातळ अलाइया पुन्हा घडवल्या. लाकूड मात्र पावलोनियाचे घेतले. नामवंत सर्फर त्यांवर उतरले. वेग अफाट, पण फळी जेमतेम तरंगणारी. वर्षानुवर्षे लाटांवर काढलेली ही मंडळी पहिले काही दिवस नुसतीच पाय झाडीत राहिली, आणि लाटा त्यांना मागे टाकून निघून गेल्या.