पाठटाचणाची दोनशे वर्षे

उद्या वर्गात काय शिकवायचे ते आदल्या दिवशी लिहून ठेवण्याची रीत मराठी मुलखात फार जुनी नाही. पेशवाईतल्या पंतोजीला तिची गरज भासत नसे. त्याची शाळा देवळाच्या ओवरीत, एखाद्या सधन माणसाच्या ओसरीवर नाहीतर स्वतःच्याच घरात भरे. छापील पुस्तके नव्हती, आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या, तासांची घंटाही नव्हती. मूल धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, मग बाराखडी, मग अंक आणि पाढे. पाढ्यांतही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, एकोत्री अशी लांबलचक चढण असे. पुढे मोडी वाचणे आणि हिशेब. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा म्हणायचा. प्रत्येक मूल या चढणीवर आपापल्या जागी उभे असे. कोण निमकीवर अडला आहे आणि कोणाला दिडकी सुरू करून द्यायची, एवढे पंतोजीला ठाऊक असले की झाले. अभ्यासक्रम त्याला तोंडपाठ होता आणि नियोजन मुलाकडे बघूनच होत होते. पंतोजीची छडी आणि घोकंपट्टी यांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. मात्र ‘हे मूल कुठवर आले आहे’ हा प्रश्न त्या शाळेत कधी मागे पडला नाही, ही गोष्ट टीकेच्या ओघात विसरली गेली.

पाठ आधी आखून ठेवण्याची निकड छापील पुस्तकांबरोबर आली. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत देशी भाषांतली शाळापुस्तके तयार करण्यासाठी जी मंडळी उभी राहिली, त्यांची संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या देखरेखीखाली गणिताची, गोष्टींची, वाचनाची मराठी पुस्तके निघू लागली. छत्र्यांचे ‘बाळमित्र’ 1828 मधले. पुस्तके झाली, पण ती शिकवणार कोण आणि कसे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर म्हणून इंग्लंडात तेव्हा गाजत असलेली बेल-लँकेस्टर पद्धत पुढे आली. थोडे मोठे आणि हुशार मूल लहानांच्या टोळीला शिकवते, मास्तर सगळ्यांवर नजर ठेवतो, अशी तिची रचना होती. गमतीचा भाग असा, की अँड्र्यू बेलला ही कल्पना मद्रासजवळच्या एगमोर येथील अनाथालयात, वाळूत अक्षरे गिरवणारी देशी मुले पाहून सुचली होती. त्याने 1797 मध्ये लंडनमध्ये ती छापून प्रसिद्ध केली आणि हिंदुस्थानातली चाल विलायतेचा शिक्का घेऊन हिंदुस्थानात परत आली. या पद्धतीत शिकवणारे पोर स्वतःच शिकाऊ असल्याने त्याच्या हाती सोपवायचा धडा आधीच बारीक तुकड्यांत मोडून, क्रम लावून ठेवावा लागे.

शिक्षक घडवण्याचे काम याच काळात सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकर हे वृत्तपत्रकार म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण शाळा तपासनीस म्हणून त्यांनी केलेली फिरती आणि 1845 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झालेल्या शिक्षक-वर्गाचे त्यांनी पाहिलेले काम यांचा उल्लेख क्वचितच होतो. पुढच्याच वर्षी ते वारले.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते उभे राहिले आणि त्याबरोबर शाळेच्या दारात एक माणूस नेमाने येऊ लागला. तो तपासनीस, त्याच्या हाताखालचा डेप्युटी, म्हणजे खेड्यातल्या बोलीत ‘दिपोटी’. इथून पुढे मास्तराच्या तयारीला वर्गातली मुले आणि वर्षातून एखाद वेळी येणारा साहेब असे दोन धनी झाले. 1860 च्या दशकात मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरवण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रुजू लागली, तेव्हा दुसऱ्या धन्याचे वजन आणखी वाढले. परीक्षेत जे विचारले जाईल तेच शिकवायचे आणि तेच दप्तरात दिसायचे, हे त्या पद्धतीचे सरळ फळ होते. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, 1904 च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात, सरकारनेच ती टाकाऊ ठरवली.

तपासणीतला पोकळपणा जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखला होता. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्रशिक्षित शिक्षकाला निदान 12 रुपये आणि मोठ्या गावी 15 ते 20 रुपये पगार असावा असे सांगितले. शाळेत शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती द्यावी असा आग्रह धरला. शाळांची तपासणी निदान तिमाहीला एकदा व्हावी, शिवाय अधूनमधून आगाऊ खबर न देता व्हावी, अशीही सूचना केली. खबर देऊन आलेल्या साहेबाला काय दाखवले जाते, हे त्यांना चांगलेच माहीत असणार.

टाचणाला आजचा आकार मिळाला तो जर्मनीतून आलेल्या एका विचारामुळे. योहान फ्रीडरिख हर्बार्ट 1841 मध्ये वारला. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडले गेले तरच मनात ठरते, असे त्याचे म्हणणे. त्याने शिकण्याच्या चार अवस्था मांडल्या होत्या. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच पायऱ्या केल्या: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. मूळ विचार मनाच्या घडणीचा होता. प्रशिक्षण महाविद्यालयांत पोचेपर्यंत त्याचा तक्ता झाला. मुंबईत 1906 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले, आणि तिथून पुढे बी.टी. (शिक्षणशास्त्राची पदवी) झालेल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाच पायऱ्यांचे पाठ लिहिले. प्रस्तावनेचे चार प्रश्न विचारायचे, शेवटच्या प्रश्नाला मुलांना उत्तर देता येऊ नये अशी तजवीज करायची, आणि मग ‘आज आपण अमुक पाहणार आहोत’ असे हेतुकथन करायचे, ही चाल अजूनही छात्राध्यापकांच्या पाठांत जशीच्या तशी भेटते.

पाठ आणि टाचण यांत फरक आहे. प्रशिक्षणातला ‘पाठ’ चार-पाच पानांचा असतो: शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन असे रकाने आखलेला आणि मार्गदर्शक प्राध्यापकाने मागे बसून निरीक्षण केलेला. नोकरीतले ‘टाचण’ म्हणजे रोजच्या वहीतल्या काही ओळी. तारीख, तास, इयत्ता, विषय, घटक, उपघटक, साहित्य, स्वाध्याय. खाली मुख्याध्यापकाची सही, आणि तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याचा शेरा. साहित्याच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘खडू, फळा, पाठ्यपुस्तक’ हेच त्रिकूट. ही वही वार्षिक आणि घटक नियोजनाबरोबर शाळेच्या दप्तरात जमा होई. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत तर मास्तरापुढे आधी मुले शाळेत आणण्याचाच प्रश्न असे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या तरुण मास्तराची निम्मी धडपड त्यातच जाते, आणि त्या धडपडीसाठी टाचणवहीत रकाना नव्हता.

मधल्या काळात एक वेगळा प्रयत्न झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. सूत, शेती किंवा सुतारकाम हा मध्यबिंदू धरून गणित, भाषा, भूगोल त्याभोवती गुंफायचे, याला समवाय म्हणत. टकळीवर कातलेल्या तारा मोजताना गुणाकार, कापसाच्या निमित्ताने वऱ्हाडची काळी जमीन. कागदावर हे सुरेख दिसे. पण असा पाठ रचणे फार कष्टाचे होते: रोजचे काम बघून रोजचा धडा नव्याने शोधावा लागे, आणि तयार टाचणाची नक्कल करून तो साधत नसे. पुष्कळ ठिकाणी टकळी एका तासाला आणि गणित दुसऱ्या तासाला, अशी त्याची वाटणी होऊन गेली.

स्वातंत्र्यानंतर टाचणाची भाषा पालटली. बेंजामिन ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. 1961 मध्ये एनसीईआरटी स्थापन झाली, आणि ते वर्गीकरण देशभरच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत पसरले. आता टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टे आली आणि प्रत्येकाखाली स्पष्टीकरणे: ‘विद्यार्थी व्याख्येचे प्रत्यास्मरण करतो’, ‘विद्यार्थी फरक स्पष्ट करतो’. जे अजून घडायचे आहे ते वर्तमानकाळात लिहिण्याची ही शैली तेव्हापासून टिकून आहे. 1967 मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली, राज्यभर एकच पाठ्यपुस्तक आले, त्यासोबत शिक्षक हस्तपुस्तिका आल्या. पुस्तक एकच असल्यामुळे टाचणही एकच चालेल, हे ध्यानात यायला बाजाराला वेळ लागला नाही. छापील रकान्यांच्या वह्या आणि गाईडे यांच्या जोडीला तयार टाचणेही मिळू लागली, आणि शाळा सुटल्यावर ती वहीत उतरवून काढणे हे वेगळेच काम होऊन बसले.

2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ज्ञानरचनावाद घेऊन आला. मूल आपले ज्ञान स्वतः रचते, शिक्षकाने त्यासाठी अनुभव उभे करावेत, हा त्याचा गाभा. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका तपासणी-क्षेत्रातल्या, शाळांनी फरशीवर आखलेल्या चौकटी, खडे, काड्या आणि शब्दपट्ट्या यांतून तो प्रत्यक्षात आणला, आणि राज्यभरचे शिक्षक ते पाहायला तिकडे जाऊ लागले. वर्ग असा चालू लागला की मिनिटामिनिटाचे टाचण कमी उपयोगाचे ठरते. कोणता गट कुठे पोचला याची नोंद जास्त कामाची होते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने ती नोंदही सक्तीची केली. परिणामी वर्णनात्मक नोंदींचे तयार संच फिरू लागले.

फिरण्याचे साधनही तोवर बदलले होते. शिक्षकांचे व्हॉट्सअॅप गट, त्यांवरच्या पीडीएफ, प्रश्नसंच, चाचण्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापले जाऊ लागले, आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार डिसले यांना मिळाला. केंद्र सरकारचा दीक्षा हा मंच 2017 पासून होता. कोविडच्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला.

या पार्श्वभूमीवर कृत्रिम बुद्धिमत्तेची टिपण-साधने आली. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 अखेरीस खुले झाले. गूगलने मे 2023 मध्ये ‘प्रोजेक्ट टेलविंड’ जाहीर केला आणि त्याच वर्षी त्याचे नाव नोटबुकएलएम झाले. दोहोंत शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे. पहिल्याला नुसते विचारले तर ते शिकलेल्या अफाट मजकुराच्या जोरावर उत्तर रचते, आणि प्रसंगी नसलेली गोष्टही ठामपणे सांगते. दुसऱ्याला आपण कागदपत्रे द्यायची: धडा, हस्तपुस्तिका, गेल्या वर्षीचे टाचण, अध्ययन निष्पत्तींची यादी. ते त्यांतून सारांश, प्रश्न, कालक्रम काढते आणि कोणते वाक्य कोणत्या उताऱ्यावरून घेतले तेही दाखवते. चूक इथेही होते, पण ती पडताळण्याची जागा हाताशी असते.

मराठी शिक्षकाची पहिली अडचण याच्याही आधीची आहे. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या मराठी मजकुराची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण आत अक्षरांच्या जागी रोमन खुणा असतात. शिवाय त्या फाँटांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात: ‘शिक्षक’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी, तर ‘वर्ग’मधला रफार ‘ग’च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे असा धडा यंत्राला दिला, की ते एकतर निरर्थक चिन्हे वाचते किंवा वेलांट्या आणि रफार सरकलेला मजकूर. पानाचा फोटो काढून अक्षर-ओळख करून घेतली तर बरेच सुधारते. जोडाक्षरे आणि तक्ते मात्र तपासावेच लागतात. हे न करता काढलेला सारांश शुद्ध मराठीत येतो, आणि म्हणूनच त्यातली गफलत लवकर ध्यानात येत नाही.

वेळ खरोखर वाचतो तो काही ठरावीक कामांत. एकाच उताऱ्यावर तिसरीसाठी आणि पाचवीसाठी वेगवेगळ्या काठिण्याचे प्रश्न काढणे, हे द्विशिक्षकी शाळेत रोजचे आणि वेळखाऊ काम आहे. यंत्र ते मिनिटभरात करते. लांब हस्तपुस्तिकेतून एका घटकापुरते मुद्दे वेचणे, जुनी टाचणे विषयवार लावणे, हेही. संपूर्ण पाठ रचायला सांगितले की मात्र ओळखीचाच साचा बाहेर येतो: पूर्वज्ञान जागवणे, विषय मांडणे, सराव, उपयोजन. हर्बार्टच्या पायऱ्याच नवे नाव घेऊन, आणि ब्लूमची क्रियापदे. साहेबाला दाखवायचे टाचण इतक्या सहज तयार होत असेल, तर ते लिहून घेण्यातून शिक्षकाविषयी काय कळते, हा प्रश्न शिक्षण खात्यापुढे कधी ना कधी येणारच.

युनेस्कोने सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षणातील जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शिका काढली. तिचा भर माणसाचा निर्णय आणि खाजगी माहितीची जपणूक यांवर आहे. भारतातही 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती मागतो. टाचण उपयोगी व्हायचे तर त्यात वर्गाची खरी स्थिती यावी लागते, आणि नेमकी तीच परक्या यंत्रात बेफिकिरीने ओतता येत नाही. यातून निघणारी वाट अशी: मुलांची नावे, हजेरी क्रमांक, घरची परिस्थिती यांपैकी काहीही न देता केवळ अडचण लिहायची. ‘चौथीतल्या तीन मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, दशक म्हणजे काय तेच पक्के नाही, जवळ काड्या आणि रबर आहेत’ एवढ्या मजकुरावर यंत्र कामाचे उपक्रम सुचवू शकते. ती तीन मुले कोणती, हे शिक्षकाने स्वतःपाशी ठेवायचे.