दम लागला की पाय का थांबतात?

आज अवतारसिंग पेंटल. जन्म १९२५, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा. शिक्षण लखनौला, पुढे एडिंबरा. एकेका चेतातंतूतून जाणारा संदेश सुटा टिपण्यात या माणसाचा हातखंडा होता. स्नायूंतल्या संवेदकांवरही त्यांनी काम केलं, पण नाव झालं ते फुफ्फुसातल्या शोधामुळे.

१९५५ साली मांजरांवरच्या प्रयोगांत त्यांना फुफ्फुसात एक नवे संवेदक सापडले. फुफ्फुस आक्रसलं की ते चेततात, असा त्यांचा पहिला समज. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःच तो बदलला: केशवाहिन्यांलगत पाणी झिरपू लागलं की ते चेततात. हेच 'जे रिसेप्टर'. मग श्वास उथळ आणि जलद होतो. मांजरांत तर पायांच्या स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावतात. पेंटल म्हणत, शरीर स्वतःच श्रम थांबवतं. माणसात हे कितपत घडतं यावर वाद आहे, पण मला ही कल्पना फार पटते.

कारण उंचावरच्या ठाण्यांवर नव्याने आलेला धडधाकट गडी फुफ्फुसात पाणी होऊन चार पावलांत बसतो. त्याला कामचुकार ठरवणं सोपं, पण जिवावर बेतणारं. अशा वेळी ऑक्सिजन द्यायचा आणि त्याला खाली उतरवायचं.

पेंटल दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे अनेक वर्षं संचालक होते. १९८१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे आयसीएमआरचे प्रमुख असतानाच वैज्ञानिकांच्या लबाडीविरुद्ध संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. फौजी भाषेत सांगायचं तर, घरचीच झडती!