मीठ, हॉटेल आणि पाइप

आमच्या खर्डीला समुद्र नाही, कसारा लोकल आहे. त्यामुळे वेंगुर्ल्याकडच्या शिरोड्याचे लोक वेळागर किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलाला विरोध करतात, हे आमच्या मास्तरांना काही केल्या पटेना. ‘‘आयतं हॉटेल दारात येतंय, मग नको म्हणायला काय झालं?’’

शिरोड्याला नाही म्हणायची जुनी सवय आहे. १९३० साली तिथं मिठाचा सत्याग्रह झाला. मूठभर मिठासाठी साहेबाचे पोलीस काठ्या घेऊन धावले. पुढं साहेब गेला, मिठागरं राहिली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला आणि २०२१ साली मंत्रिमंडळानं वेळागरची सुमारे ५४ हेक्टर जमीन हॉटेलासाठी ९० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरवलं. नव्वद वर्षं! आपल्याला ठाण्यात खोली मिळते ती अकरा महिन्यांच्या करारावर. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच, की आमची राहती घरं त्यातून वगळा. पाहुणा येऊ दे, पण यजमानाला ओसरीवरून उठवू नका.

मास्तर हसले. मग मी तानशाची आठवण दिली. धरण १८९२ सालचं. तेव्हापासून आमच्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातं आणि वैशाखात आमचेच पाडे टँकरची वाट बघतात. विकास आमच्या दारावरूनच गेला, पण पाइपातून.

मास्तर गंभीर झाले. ‘‘म्हणजे आपणही तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं?’’

‘‘नाही म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं, मास्तर!’’